गोड विष आणि उंदराची साक्ष

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यातून, विशेषतः परासिया भागातून, लहान मुले नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. छिंदवाड्याहून नागपूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तिकडचा गंभीर रोगी इकडेच येतो, त्यात नवे काही नव्हते. या मुलांचा आजार मात्र नेहमीचा नव्हता. आधी सर्दी, खोकला, थोडा ताप. त्यावर साधे औषध. आणि मग काही दिवसांत लघवी बंद. बहुतेक मुले पाच वर्षांच्या आतली. सुरुवातीला शंका आली ती साथीच्या रोगाची, दूषित पाण्याची. मूत्रपिंडाच्या ऊतींची तपासणी झाली तेव्हा रोख विषबाधेकडे वळला. ऑक्टोबरच्या आरंभी तामिळनाडूच्या औषध नियंत्रण खात्याने कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेल्या ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधाचे पृथक्करण केले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे द्रव्य ४८.६ टक्के निघाले. चालू शकणारी मर्यादा आहे ०.१ टक्का. वीसहून अधिक मुले दगावली आणि त्यांतल्या अनेकांनी शेवटचा श्वास नागपुरात घेतला.

त्या दिवसांत आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला गेला, शिक्षकांकडून तर हमखास: ‘औषध विकायला येण्यापूर्वी ते प्राण्यांवर तपासून पाहत नाहीत का?’ त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने बातम्या येत होत्या की औषधांच्या चाचण्यांतून प्राणी हद्दपार होणार, त्यांच्या जागी पेशी, चिप आणि संगणक येणार. मग साहजिकच पुढचा प्रश्न: एवढे होत असताना प्राण्यांवरच्या चाचण्या काढून टाकायच्या, हे कसे?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. गंमत म्हणावी की दुर्दैव, पण औषधाआधी प्राणी ही प्रथा कायद्यापर्यंत पोचली ती याच डायएथिलिन ग्लायकॉलमुळे. तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

रासबेरीच्या स्वादाचे औषध

१९३० च्या दशकात सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध नव्यानेच हाती आले होते. पेनिसिलिन अजून बाजारात यायचे होते, त्यामुळे घशाच्या आणि जखमांच्या संसर्गावर या गोळ्या जादूसारख्या वाटत. मुलांना गोळी गिळवत नाही. पातळ औषधाला मागणी होती. अडचण अशी की हे द्रव्य पाण्यात किंवा अल्कोहोलात नीट विरघळत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या मॅसेंगिल कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला असे आढळले की डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये ते छान विरघळते. हा द्रव रंगहीन, दाटसर आणि चवीला गोड. त्यात रासबेरीचा स्वाद घातला आणि १९३७ च्या सप्टेंबरमध्ये ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ बाजारात आले.

कंपनीने त्याची तपासणी केली नव्हती असे नाही. रंग, वास आणि चव यांची केली होती. ते पोटात गेल्यावर काय होते, हे पाहिले नव्हते. पाहावे अशी कायद्याची सक्तीही नव्हती. शंभराहून अधिक माणसे मेली आणि त्यांत पुष्कळ मुले होती. सरकारी निरीक्षक दुकानोदुकानी, दवाखान्यांत, घरोघरी फिरले आणि त्यांनी उरलेल्या बाटल्या गोळा केल्या. तयार झालेल्या २४० गॅलनपैकी बहुतेक साठा परत मिळवला. पण खटला कोणत्या कलमाखाली भरायचा? विषारी औषध विकणे हा त्या वेळी गुन्हाच ठरत नव्हता. अखेर आधार मिळाला तो नावाचा. ‘एलिक्झिर’ या शब्दाचा अर्थ अल्कोहोलमध्ये केलेले औषध. यात अल्कोहोल नाही, म्हणून नाव खोटे! कंपनीला दंड झाला तो चुकीच्या लेबलाबद्दल.

मारक काय होते, सल्फानिलामाइड की त्याचा द्रावक? हे शोधण्याचे काम शिकागो विद्यापीठातील गायलिंग या प्राध्यापकांकडे आले. त्यांच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची विद्यार्थिनी होती. तिला प्रवेश मिळाला तो प्राध्यापकांनी नावावरून तिला पुरुष समजल्यामुळे, असे तिनेच पुढे सांगितले. उंदीर, ससे आणि कुत्रे यांना सल्फानिलामाइड, डायएथिलिन ग्लायकॉल आणि दोहोंचे मिश्रण वेगवेगळे देऊन पाहण्यात आले. ग्लायकॉल दिलेल्या प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. दोषी कोण ते ठरले.

१९३८ मध्ये अमेरिकेत नवा कायदा झाला: औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा कंपनीने द्यायचा. पुरावा म्हणजे व्यवहारात प्राण्यांवरील चाचण्या. १९६२ च्या दुरुस्तीत तर ‘प्राण्यांवरील चाचण्या’ हे शब्दच कायद्यात आले. त्या दुरुस्तीमागे होती थॅलिडोमाइडची शोकांतिका. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत आलेले हे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांनी घेतल्यामुळे जगभर दहा हजारांहून अधिक मुले हातापायांची वाढ खुंटलेली अशी जन्मली. अमेरिकेत ते विक्रीला येऊ शकले नाही, कारण परवान्याचा अर्ज ज्या अधिकारी बाईंच्या टेबलावर आला त्यांनी पुरावा अपुरा म्हणून तो अडवून धरला. त्या बाई म्हणजे फ्रान्सिस केल्सी, शिकागोतली तीच विद्यार्थिनी, आता विवाहानंतरच्या नावाने.

थॅलिडोमाइडची गोष्ट प्राणी-चाचण्यांच्या बाजूने सांगितली जाते आणि विरुद्ध बाजूनेही, आणि दोन्ही बाजूंना तिच्यात काहीतरी सापडते. हे औषध उंदरांना कितीही दिले तरी ते मरत नसत. यावरून ‘अत्यंत निर्धोक’ अशी जाहिरात झाली. गर्भावर परिणाम होतो का, हे नीट पाहिलेच गेले नव्हते. नंतर पाहिले तेव्हा उंदरांच्या पिलांत फारसे व्यंग दिसेना; सशांच्या विशिष्ट जातींत मात्र दिसले. म्हणजे प्राणी साक्षीदार आहे खरा, पण त्याला काय विचारले आणि कोणत्या प्राण्याला विचारले, यावर त्याची साक्ष अवलंबून.

उंदीर किती आणि मूल किती

हा मुद्दा डायएथिलिन ग्लायकॉलच्याच उदाहरणाने समजून घेऊ. वर्गात फळ्यावर करून दाखवता येईल असे हे गणित आहे.

१९२७ मध्ये ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने विषारीपणा मोजण्याची एक पद्धत सुचवली. प्राण्यांच्या गटाला वाढत्या मात्रा द्यायच्या आणि निम्मे प्राणी ज्या मात्रेला मरतात तो आकडा नोंदवायचा. याला एलडी-५० म्हणतात. मराठीत अर्धमारक मात्रा म्हणू. ट्रेव्हनचा हेतू मर्यादित होता. डिजिटॅलिससारखी जी औषधे वनस्पती किंवा प्राण्यांपासून काढली जात, त्यांची प्रत्येक खेपेची ताकद सारखी आहे ना, हे त्याला ताडून पाहायचे होते. पुढे मात्र प्रत्येक रसायनाला हा आकडा चिकटवण्याची पद्धतच पडली आणि त्यासाठी अगणित उंदीर मारले गेले.

डायएथिलिन ग्लायकॉलची उंदरातील अर्धमारक मात्रा, तोंडावाटे एकदाच दिल्यास, वजनाच्या दर किलोमागे सुमारे १२ ग्रॅम आहे. हा आकडा पाहून कोणीही म्हणेल की द्रव्य फारसे विषारी नाही. माणसांत घडलेल्या विषबाधांवरून काढलेला अंदाज मात्र किलोमागे सुमारे १ मिलिलिटर, म्हणजे साधारण १ ग्रॅम, असा आहे आणि त्याहून कमी मात्रेनेही माणसे मेली आहेत. आता दहा किलो वजनाचे मूल घ्या. ४८.६ टक्के ग्लायकॉल असलेले औषध समजा एका वेळी ५ मिलिलिटर दिले. त्यात सुमारे २.४ ग्रॅम विष गेले. दिवसातून चार वेळा दिले तर सुमारे ९.७ ग्रॅम. म्हणजे एका दिवसात किलोमागे जवळजवळ एक ग्रॅम. उंदराच्या आकड्यावर विसंबलो तर हे मूल धोक्यापासून बारा पावले दूर आहे. प्रत्यक्षात ते धोक्याच्या काठावर उभे आहे.

हा फरक का पडतो? डायएथिलिन ग्लायकॉल स्वतः फारसा अपाय करत नाही. यकृतातील विकरे त्याचे ऑक्सिडीकरण करतात आणि त्यातून दोन आम्ले तयार होतात. त्यांपैकी डायग्लायकॉलिक आम्ल मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मारते. उंदराला थोडी मात्रा दिली तर हे आम्ल फारसे साचत नाही. मात्रा खूप वाढवली की साचते. खरा मारेकरी हे आम्ल आहे, ही गोष्ट १९३७ मध्ये कोणाला ठाऊक नव्हती. ती स्पष्ट झाली २०११ च्या सुमारास आणि तीही बरीचशी माणसाच्या मूत्रपिंडातील पेशी काचेच्या भांड्यात वाढवून. अमेरिकेतील संशोधकांनी या पेशींवर मूळ ग्लायकॉल आणि त्यापासून होणारी दोन्ही आम्ले वेगवेगळी घालून पाहिली. फक्त डायग्लायकॉलिक आम्ल घातलेल्या पेशी मेल्या. गायलिंगच्या प्रयोगशाळेने ‘द्रावक मारतो’ इतके सांगितले होते. द्रावक कोणत्या रूपात मारतो, हे पेशींनी सांगितले.

गायलिंगच्या प्राण्यांवर अन्याय नको. त्यांना मात्रा पुनःपुन्हा दिली गेली होती, नंतर त्यांची मूत्रपिंडे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती, आणि म्हणून त्यांनी खरे सांगितले. मॅसेंगिल कंपनीने चार उंदरांना आठवडाभर ते औषध पाजले असते तरी ती माणसे वाचली असती, असे आम्हांला वाटते. आक्षेप आहे तो मेलेले उंदीर मोजण्यालाच ज्ञान समजण्यावर. एलडी-५० ची जुनी चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये आपल्या यादीतून काढून टाकली. तिच्या जागी फारच थोडे प्राणी लागणाऱ्या पद्धती आल्या. रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९५९ मध्येच सुचवले होते की शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरा, नाहीतर संख्या कमी करा, तेही नसेल तर निदान यातना कमी करा. जगाला ते पटायला चाळीस वर्षे लागली.

मुंबई, १९८६

आता आपल्या घरातले उदाहरण. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून मरण पावले. मेंदूतील किंवा डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरीन पाजले होते. ग्लिसरीन हे जुने, ओळखीचे आणि निरुपद्रवी औषध. पण त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत आणि मंत्रालयापर्यंत साऱ्या साखळीची झाडाझडती घेतली. १९८८ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि महाराष्ट्रात मोठी खळबळ माजली.

इथे थांबून एक भेद लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. औषधाच्या सुरक्षिततेबद्दल दोन अगदी वेगळे प्रश्न असतात. पहिला: हे द्रव्य माणसाला अपाय करील का? हा नव्या औषधाबद्दलचा प्रश्न आणि तो एकदाच, औषध येण्यापूर्वी विचारायचा. दुसरा: या बाटलीत जे आहे ते लेबलावर लिहिलेलेच आहे ना? हा प्रश्न कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बॅचबद्दल, रोज विचारावा लागतो. ग्लिसरीन प्राण्यांवर कितीही वेळा तपासले असते तरी ते निर्धोकच ठरले असते. जे. जे. मध्ये चुकला तो दुसरा प्रश्न. परासियातही तोच चुकला. खोकल्याच्या औषधातली मूळ औषधी द्रव्ये जुनी आणि माहितीची होती. गोंधळ होता द्रावकात. असल्या पातळ औषधांत प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. दोन्ही गोडसर, रंगहीन, दाट. डायएथिलिन ग्लायकॉलही तसेच, शिवाय औषधी दर्जाच्या मालापेक्षा स्वस्त. ते रेझिनच्या आणि ब्रेक ऑइलच्या धंद्यात लागते, पिंपांतून येते. डोळ्याला आणि जिभेला फरक कळत नाही.

म्हणून ही दुर्घटना पुनःपुन्हा घडत राहिली: नायजेरिया आणि बांगलादेश १९९० च्या सुमारास, हैती १९९५-९६, गुडगाव १९९८, पनामा २००६, जम्मूजवळचे रामनगर २०१९-२०. २०२२ मध्ये गॅम्बियात सुमारे ७० मुले गेली आणि संशय भारतात तयार झालेल्या औषधांवर आला; त्याच वर्षी उझबेकिस्तानातही मुले दगावली. प्राण्यांवरील चाचण्यांची सक्ती या साऱ्या काळात लागू होतीच. तिने यांतले एकही मरण टळले नाही, कारण तो प्रश्न तिच्याकडे नेण्याजोगाच नव्हता.

ससा, खेकडा आणि यीस्ट नव्हे, पेशी

बॅचबद्दलचा प्रश्नही एके काळी प्राण्यांनाच विचारत. इन्शुलिनची ताकद सशाच्या रक्तातली साखर किती उतरते यावरून मोजत. आज ते काम क्रोमॅटोग्राफी करते. पण प्राण्याची जागा दुसऱ्या साधनाने कशी घेतली याचा सर्वांत बोधक धडा सलाइनच्या बाटलीचा आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी शिरेतून औषध दिले की रोग्याला अनेकदा थंडी वाजून ताप भरे, द्रव उकळून निर्जंतुक केलेला असला तरी. १९२३ च्या सुमारास फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधिकेने दाखवले की हा ताप पाण्यात राहून गेलेल्या जीवाणूंच्या अवशेषांमुळे येतो. जीवाणू मरतात, पण त्यांच्या आवरणातील विष, ज्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, उकळूनही टिकते. मग तपासायचे कसे? ससा या विषाला माणसासारखाच दाद देतो. तीन ससे घ्यायचे, कानाच्या शिरेत द्रव टोचायचा आणि तीन तास त्यांचे तापमान पाहत बसायचे. १९४२ मध्ये ही चाचणी अमेरिकेच्या औषधकोशात आली आणि पुढे आपल्याकडेही रूढ झाली. सलाइन बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याला सशांचे घर ठेवावे लागे. ससे एकाच जागी जखडून, मान अडकवून बसवलेले असत. ससा घाबरला तरी त्याचे तापमान हलते, हा भाग वेगळाच.

१९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांना समुद्रकाठच्या एका प्राण्यात वेगळीच गोष्ट दिसली. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा प्राणी खेकडा म्हणून ओळखला जातो, पण त्याचे नाते विंचू-कोळ्यांशी जवळचे. रक्त निळे. त्या रक्तात काही जीवाणू टोचले की ते गोठते. जॅक लेविन यांच्या मदतीने यातून चाचणी उभी राहिली: रक्तपेशींचा अर्क परीक्षानळीत घ्या, त्यात तपासायचा द्रव घाला, एंडोटॉक्सिन असेल तर गाठ धरते. १९७७ पासून अमेरिकेत ती अधिकृत झाली. सशापेक्षा ती स्वस्त, जलद आणि कितीतरी पट संवेदनशील. या प्राण्याच्या दोन जाती आपल्या ओडिशा-बंगालच्या किनाऱ्यावर आढळतात आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत त्यांच्यावर बरेच काम झाले आहे.

चौकस विद्यार्थी इथे हात वर करील: हे तर सशाच्या जागी खेकडा झाले! बरोबर आहे. रक्त काढून खेकडे समुद्रात परत सोडतात, पण त्यांतले काही मरतात. पुढची पायरी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात पडली. तिथे १९९० च्या दशकात डिंग आणि हो या दांपत्याने रक्त गोठण्याची सुरुवात करणाऱ्या प्रथिनाचे जनुक वेगळे काढले आणि ते प्रथिन संवर्धित पेशींत तयार केले. आता खेकडाही नको. युरोपच्या औषधकोशात या पद्धतीला २०२१ पासून स्वतंत्र स्थान मिळाले. एंडोटॉक्सिनखेरीज इतर ज्वरकारक द्रव्यांसाठी माणसाच्या रक्तपेशींची चाचणी आहे. २०१८ च्या भारतीय औषधकोशाने सशाऐवजी परीक्षानळीतल्या चाचण्यांकडे वळण घेतले, आणि २०२४ मध्ये युरोपच्या औषधकोश आयोगाने ससा-चाचणी पूर्ण वगळण्याचे ठरवले. सशापासून पेशीपर्यंतचा हा प्रवास ऐंशी वर्षांचा आहे. तो पूर्ण झाला याचे कारण सशाला विचारलेला प्रश्न नेमका होता: अमुक एक विष या द्रवात आहे की नाही?

प्रश्न नेमका असूनही काही ठिकाणी प्राणी अजून सुटलेला नाही. सर्पदंशावरचे प्रतिविष घ्या. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे, आणि विदर्भातल्या धानाच्या बांधावर त्याचे मोल काय हे सांगायला नको. एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचे ०.६, मण्यारचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ करावे, असे आपले मानक सांगते. हे तपासतात ते छोट्या उंदरांवर: विष आणि प्रतिविष मिसळून टोचायचे आणि किती जगतात ते मोजायचे. सापाचे विष म्हणजे डझनावारी प्रथिनांचा काला. त्यातले कोणते मारते, कोणते रक्त पातळ करते, कोणते स्नायू गाळते, हे सगळे एका नळीत पकडणारी सर्वमान्य चाचणी अजून रुळलेली नाही.

चिपवरचे यकृत

पहिला प्रश्न, नवे द्रव्य माणसाला अपाय करील का, हा याहून किती तरी रुंद आहे. कोणत्या अवयवाला, किती दिवसांनी, कोणत्या मात्रेला, गर्भाला काय, म्हाताऱ्याला काय? याला एक नळी पुरत नाही. म्हणून आजवर एक कुरतडणारा प्राणी आणि एक इतर, बहुधा कुत्रा, अशा दोन जातींवर महिनोन्‌महिने औषध देऊन पाहण्याची प्रथा पडली. त्यातून निभावून पुढे गेलेली अनेक औषधे माणसांत यकृताला इजा करतात आणि मागे घ्यावी लागतात.

२०१० मध्ये हार्वर्डच्या वीस संस्थेत काडेपेटीपेक्षाही लहान पारदर्शक पट्टीवर माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी अशा वाढवल्या की त्या श्वासागत ताणल्या जात आणि खालून द्रव वाहत राही. पुढे यकृत, मूत्रपिंड, आतडे यांच्याही पट्ट्या झाल्या. २०२२ मध्ये यकृताच्या ८७० पट्ट्यांवर २७ औषधे तपासल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्राणी-चाचण्यांतून पार होऊनही माणसांच्या यकृताला बाधलेल्या औषधांपैकी ८७ टक्के औषधे या पट्ट्यांनी ओळखली आणि निर्दोष औषधांवर खोटा आळ घेतला नाही. आकडे उत्साहवर्धक आहेत. तरी हेही सांगायला हवे की अभ्यास पट्टी बनवणाऱ्या कंपनीच्याच पुढाकाराचा होता आणि तो एकाच अवयवाचा होता. पट्टीला गर्भ नसतो, ती म्हातारी होत नाही, तिला चक्कर येत नाही.

कायदा मात्र हलला आहे. १९६२ मध्ये अमेरिकी कायद्यात शिरलेली प्राणी-चाचण्यांची सक्ती २०२२ च्या डिसेंबरमध्ये काढण्यात आली. बंदी घातली नाही. पर्याय मोकळे केले. मार्च २०२३ मध्ये भारतानेही नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवर आधारित पद्धती, चिपवरील अवयव आणि संगणकी प्रारूपे ग्राह्य धरली. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राणी वापरण्यास २०१४ पासूनच मनाई आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गांतली काजळी धरलेल्या ढोलावर बेडकाच्या स्नायूचे आलेख काढण्याची पिढी आता मागे पडली. मुले तेच आलेख संगणकावर काढतात. आमच्या मते यात विद्यार्थ्याचे नुकसान नाही. मात्र आपण कोणत्या जिवंत ऊतीबद्दल बोलत आहोत याची जाणीव शिक्षकाने मुद्दाम करून द्यावी लागते, ती आपोआप येत नाही.

मिळालेल्या सवलतीसोबत जबाबदारीही आली आहे. प्राणी-चाचणीत निदान मूत्रपिंड कापून पाहणारा कोणीतरी असे. पट्टीवरच्या पेशी कोणत्या, कोणाच्या, किती दिवस जगलेल्या, हे तपासणारी तेवढीच कडक व्यवस्था उभी राहिली नाही, तर एका सोयीच्या आकड्याच्या जागी दुसरा सोयीचा आकडा येईल. एलडी-५० चे तेच झाले होते.

आणि बाटलीतल्या द्रावकाचे काय? गॅम्बियानंतर भारत सरकारने १ जून २०२३ पासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या औषधांची सरकारी प्रयोगशाळेत तपासणी बंधनकारक केली. परदेशी जाणारी बाटली जहाजात चढण्यापूर्वी तपासली जाऊ लागली. परासियाच्या दुकानात गेलेल्या बाटलीला ते बंधन लागू नव्हते. पनामानंतर अमेरिकेच्या औषधकोशाने ग्लिसरीन ओळखण्याच्या चाचणीतच डायएथिलिन ग्लायकॉलचा शोध घालून दिला: पिंप आले की आधी हे पाहा, मगच त्याला ग्लिसरीन म्हणा.

ही तपासणी वर्गात समजावून सांगणे अवघड नाही. स्केचपेनच्या काळ्या शाईचा ठिपका गाळणकागदावर देऊन कागदाचे टोक पाण्यात बुडवले की शाईतले रंग वेगवेगळ्या उंचीवर चढतात, हा प्रयोग आपण सातवी-आठवीत करून दाखवतो. औषधाच्या प्रयोगशाळेत कागदाऐवजी सिलिकाचा पातळ थर दिलेली पट्टी असते आणि पाण्याऐवजी ॲसिटोनसारख्या द्रवांचे मिश्रण. तिच्यावर पिंपातल्या नमुन्याचा एक ठिपका, शेजारी शुद्ध ग्लिसरीनचा आणि तिसरा डायएथिलिन ग्लायकॉलचा. हैतीनंतर अमेरिकी रसायनतज्ज्ञांनी अशी पद्धत मुद्दाम बसवून दिली, जिथे महागडी यंत्रे नाहीत अशा ठिकाणांसाठी. द्रव वर चढू देतात, पट्टी वाळवतात, परमँगनेटयुक्त द्रावण फवारतात आणि ठिपके उमटतात. ग्लिसरीन खाली राहते; ग्लायकॉल वर जाते. पिंपातल्या नमुन्याचा ठिपका कोणाच्या रांगेत थांबला, ते नुसत्या डोळ्यांनी दिसते.